बीसीए घालायच्या आधी एमसीएची अट वाचा की

पीयूसीचा (म्हणजे बारावीचा) रिझल्ट लागला की आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात ठरलेलं असतंय, इंजिनिअरिंगची सीट हुकली की कुणीतरी काका सांगणार बीसीएला घाला, कॉम्प्युटरचं आहे, आणि घरचे लगेच हो म्हणणार. बीसीए वाईट नाही हो. पण ज्याला पुढं एमसीए (कॉम्प्युटरचीच पुढची, पीजी डिग्री) नाहीतर एमटेक करायचंय त्यानं उलटीकडून बघावं, आधी पुढच्या कोर्सची एलिजिबिलिटी वाचायची आणि मग डिग्री ठरवायची.

सगळं अडतंय ते मॅथ्सवर. एनआयटीत (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) एमसीए करायचं तर निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते (आपल्याच राज्यातली सुरतकलची एनआयटी त्यात येते), आणि तिथं डिग्रीला मॅथ्स किंवा स्टॅट (संख्याशास्त्र) विषय असावा लागतो, वर पेपरात 1000 पैकी 600 मार्क मॅथ्सचेच. आता पीयूला कॉमर्स घेऊन मॅथ्स सोडलेलं पोरगं बीसीएला येतं, तीन वर्षं कसंबसं काढतं आणि मग निमसेटचा पेपर बघून गप्प बसतं. बीकॉमवाल्यांना तर निमसेट बंदच, बाकी कॉलेजात एमसीए मिळू शकतं पण मॅथ्स नसेल तर ब्रिज कोर्स करावा लागतो.

म्हणून मला विचाराल तर मॅथ्सची भीती नसलेल्यानं सरळ बीएस्सी घ्यावी, फिजिक्स-मॅथ्स-कॉम्प्युटर. लोक नाक मुरडतात, बीएस्सी करून मास्तर होणार काय म्हणून, पण त्यातनं निमसेट देता येते आणि आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा पण. जॅममध्ये कॉम्प्युटरचा वेगळा पेपर नाही, मॅथ्स आणि स्टॅटचे आहेत, हे बीसीएवाल्यांना बऱ्याचदा शेवटच्या वर्षाला कळतं! गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) तिसऱ्या वर्षाला बसता येतं खरं, पण बसता आलं म्हणजे एमटेकला घेतात असं नाही, तिथं बहुतेक ठिकाणी बीई नाहीतर एमसीए, एमएस्सी लागतेच.

वर्षांचा हिशेब पण जुना डोक्यात ठेवू नका, एमसीए 2020 पासून बहुतेक कॉलेजांत दोनच वर्षांचं झालंय, आणि कर्नाटकात मधे जी चार वर्षांची डिग्री आणलेली ती 2024 ला काढून परत तीन केली, म्हणजे तिथं डिग्री आणि एमसीए मिळून पाच वर्षं.

आणि आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट जी इथं कुणी सांगतच नाही. कर्नाटकात एमसीएला पीजीसीईटी ही प्रवेश परीक्षा आहेच, पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या 865 गावांतल्या मराठी पोरांना महाराष्ट्राच्या सीईटीत टाइप ई या गटात तिथल्याच पोरांसारखं धरतात. त्याला गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात, ते फॉर्म भरायच्या आठवड्यात नाही, सुट्टीतच काढून ठेवा.