तुम्ही विचारलंत म्हणून : कीर्तनात कूलर कशाला?

"ताई, देवासमोर उभं राहून कूलर, क्रिकेट आणि सिरियलच्या गोष्टी कशाला सांगता?" आरती झाली की हा प्रश्न हमखास येतो. कधी कौतुकानं, "तुमाले हे सुचते तरी कुठून?" असा, कधी एखाद्या काकांच्या कपाळावरच्या आठीसकट. दोघांनाही द्यायचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी नागपुरात नारदीय कीर्तन करते. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण करायचं आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, ही आमची जुनी बांधणी. आख्यानाची मला काळजी नसते. द्रौपदी धावा करत असताना कुणी घड्याळ बघत नाही. अवघड असतं ते निरूपण. तिथं वैराग्य, अधिकार, साक्षी असे शब्द येतात. चैत्रातलं नागपूरचं ऊन दिवसभर सोसून आलेल्या माणसाला ते शब्द त्याच्या घरातच भेटवावे लागतात.

आणि आमच्या घरांत चार महिने राज्य असतं कूलरचं. कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, टाकी भरायची, आज पाळी कुणाची यावरून भावंडांनी भांडायचं. मुंबई-पुण्याचा पाहुणा आला की तो पहिल्यांदा काय करतो? थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतो. अर्ध्या तासात अंथरूण चिकट, अंग चिकट, आणि पाहुणा म्हणतो, तुमचा कूलर बिघडलाय. कूलर ठणठणीत असतो. त्याला खिडकी उघडी लागते, हे इथलं लहान पोरगंही सांगेल. आतली हवा बाहेर गेली तरच बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून गार होऊन आत येते. कोंडून ठेवलीत की नुसती ओल साचते.

तुकोबांचा धनाबद्दलचा अभंग आहे: चांगल्या व्यवहारानं जोडावं आणि उदास मनानं वेचावं. 'उदास' म्हणजे दुःखी नव्हे, अलिप्त, एवढं सांगूनही चेहरे कोरेच राहत. मग एका वर्षी मी ही खिडकी उघडली. जोडण्यात गैर काही नाही, कूलर लावाच. पण बाहेर जायला वाट ठेवा. पुढच्या रांगेतल्या एक आजी भर कीर्तनात म्हणाल्या, "आमच्या ह्यायनं त खिडकीले खिळेच ठोकून ठेवले, बाई!" सगळं देऊळ हसलं, शेजारी बसलेले आजोबाही हसले. त्या हशात अभंग पोचलेला मला दिसला. आजींनी निरूपण माझ्यापेक्षा पुढं नेलं होतं.

तर्री-पोहे, म्हणजे वरून तिखट रस्सा ओतलेले पोहे, त्यांचंही तसंच. गाडीवाला आधी तुमच्याकडे एक नजर टाकतो आणि विचारतो, "तर्री किती?" नवख्याला तो डावभर ओतत नाही, थोडीच घालतो, लागली तर मागून घ्या म्हणतो. गुरू शिष्याचा अधिकार, म्हणजे त्याची तयारी, पाहून उपदेश करतो, हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण अजून मिळालेलं नाही. आणि गुरुमंत्र गुप्त का ठेवायचा, असं तरुण पोट्टे विचारतात तेव्हा मी ओटीपीचं नाव घेते. कोणालाही सांगू नका, असं त्या संदेशातच लिहिलेलं असतं, आणि घरोघरचे आजोबा तो फोनवर साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवतात.

जामठ्याला सामना असला की त्या आठवड्यात क्रिकेट येणारच. चेंडू बॅटला चाटून गेला का, हे शोधायला कॅमेरे लावतात, आवाजाची रेघ बघतात, तिसरा पंच पुन्हा पुन्हा चित्र फिरवतो. फलंदाजाला ते त्याच क्षणी कळलेलं असतं. साक्षी, म्हणजे आत बसून सगळं पाहणारा, कोण, हे सांगायला मग वेदान्ताची परिभाषा वापरावीच लागत नाही.

आता आठीवाल्या काकांसाठी. हे सगळं नवं, उथळ, असं त्यांना वाटतं. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडं लिहिली तेव्हा जोशी, वासुदेव, गोंधळी ही रोज दारात दिसणारी माणसं होती. लोक त्यांना ऐकायला, बघायला उभे राहत. तेव्हाचा टीव्ही तोच म्हणा ना. नाथ भागवतावर टीका लिहिणारे पंडित होते, आणि त्यांनीच या माणसांच्या तोंडून अध्यात्म बोलवलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा गावात आधी झाडू मारत, रात्री कीर्तन करत. ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तरं देत, आणि कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्याला स्वतःच्या तोंडून स्वतःचा वेडेपणा कबूल करावा लागे. आपल्या नागपुरातच बघा. पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, १८८५ पासून निघते आणि तिच्यासोबतचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, दरवर्षी नवे असतात: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. इडापिडा घेऊन जा म्हणायचं तर या वर्षीची पिडा कोणती, हे सांगावं लागतंच. कीर्तनानं तेवढं मागं का राहावं?

मात्र काहीही चालतं असं नाही. बायकोवरचा विनोद, सासू-सुनेची नक्कल, कुणाच्या रंगावरून किंवा जाडीवरून हशा, हे मी करत नाही आणि दुसरीकडे ऐकलं तर मला संताप येतो. समोर बसलेल्या बायका स्वयंपाक आटोपून, पायपीट करून आलेल्या असतात. देवाच्या दारात त्यांचीच थट्टा करून टाळ्या घ्यायच्या? चालींचंही तसंच. नाट्यपदांच्या चाली कीर्तनात रुळल्या, त्यात मला वावगं वाटत नाही. पण ज्या चालीवर आधी सिनेमाचेच शब्द तोंडात येतात, ती मी अभंगाला लावत नाही. आणि प्रत्येक दृष्टांताची एक परीक्षा घेते. दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात कुणी भेटलं की विचारते, काल अभंग कोणता होता? गंमत आठवते आणि अभंग आठवत नाही, असं दोघातिघांनी सांगितलं की तो दृष्टांत, कितीही हशा मिळवून देत असला तरी, वहीतून बाद.

सुचतं कुठून, याचं उत्तर आता बरंचसं श्रोत्यांकडंच आहे. लोक आणून देतात. परवा एका ई-रिक्षावाल्या दादांनी वर्धा रोडवरचा पूल दाखवला. खाली जुना रस्ता, त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि तिन्हींच्या मधोमध खांबांची एकच रांग. असा ३.१४ किलोमीटरचा पूल आहे तो, २०२२ मध्ये गिनेस बुकात नोंद झालेला. दादा म्हणाले, "ताई, प्रपंच अन् परमार्थ एकाच खांबावर. घ्या तुमच्या कीर्तनात." मी घेणार आहे. फक्त त्यात परमार्थ वरचा की खालचा, यावर आमचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात वरचा, मेट्रो गारेगार असते. मला तो खालच्या रस्त्यावर ठेवायचा आहे, कारण त्यांची रिक्षा तिथंच चालते. रामनवमीच्या आधी एक अभंग सापडला तर ठरेल.