आमची वाटचाल : खोक्यातल्या होम थिएटरपासून खोलीच्या मापापर्यंत

घरांत होम थिएटर बसवून देण्याच्या आमच्या कामाची सुरुवात खोक्यातल्या तयार संचाने झाली. डीव्हीडी प्लेअर, मुठीएवढे पाच स्पीकर, खालच्या सुरांसाठी एक वूफर, आणि खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे ताकदीच्या फुगवलेल्या दाव्याचे, हजारांतले आकडे. पीएमपीओ मोजण्याची कुठलीही मान्य पद्धत नाही, त्यामुळे तो आकडा वाचून काहीच ठरवता येत नाही. खरी अडचण मात्र वॉटची नव्हती. अडीच-तीन इंची शंकूच्या स्पीकरमधून साधारण १५० हर्ट्झच्या (हर्ट्झ जितके कमी तितका सूर खालचा) खाली जवळपास आवाजच निघत नाही. मग तो भाग वूफरकडे ढकलावा लागतो. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो ते खोलीत कानाला कळत नाही, पण १५० पर्यंत गेलं की चांगलंच कळतं. त्यामुळे पडद्यावरच्या माणसाचा भारदस्त आवाज समोरून न येता कोपऱ्यातल्या डब्यातून आल्यासारखा वाटायचा. हा दोष कुठल्याही सेटिंगने जात नाही. म्हणून आम्ही खोके विकणं थांबवलं आणि रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायरचा डबा), स्पीकर, सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) वेगवेगळे निवडून द्यायला लागलो. पुढच्या तीन स्पीकरमध्ये किमान पाच इंची वूफर असावा, म्हणजे ८० हर्ट्झवर सबवूफरकडे सूत्रं नीट सोपवता येतात, हा आमचा तेव्हापासूनचा नियम.

वेगळं साहित्य निवडायला लागलो तेव्हा आधी रिसीव्हर ठरवायचा आणि उरलेल्या पैशांत स्पीकर बसवायचे, असा क्रम होता. तो उलटा होता. स्पीकरची संवेदनशीलता कळल्याशिवाय किती वॉट लागतील हे कळत नाही. एक हिशेब पाहा. स्पीकर ८७ डेसिबलचा आहे, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८७. सोफा ३ मीटरवर असेल तर अंतरामुळे साधारण साडेनऊ डेसिबल जातात, उरले साडेसत्त्याहत्तर. ५० वॉट दिले की १७ डेसिबल वाढतात आणि आपण साडेचौऱ्याण्णवला पोचतो. सिनेमागृहातल्या प्रमाणित पातळीवर मुख्य चॅनलचा, म्हणजे एका मुख्य स्पीकरला जाणाऱ्या आवाजाचा, सर्वांत मोठा क्षण १०५ डेसिबलचा असतो. घरात बहुतेक लोक त्यापेक्षा १० डेसिबल तरी खालीच ऐकतात, म्हणजे ९५. अर्थात ५० वॉट पुरतात. हाच स्पीकर ९२ डेसिबलचा घेतला तर १६ वॉटमध्ये काम होतं. वॉट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे ८० ऐवजी १०० वॉटच्या रिसीव्हरसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नसतो.

वॉटचा आकडाही नीट वाचावा लागतो. '१५० वॉट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते अनेकदा एकच चॅनल चालू, ६ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकरचा रोध) स्पीकर, फक्त १ किलोहर्ट्झ आणि आवाजात १० टक्के विकृती अशा मोजणीचं असतं. आम्ही बघतो ती ओळ वेगळी : दोन चॅनल एकत्र चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. तिथे त्याच यंत्राचे ८० वॉट दिसू शकतात, आणि पाचही चॅनलना एकाच वेळी जोर लागला तर आणखी कमी. ४ ओहमचे स्पीकर असतील तर रिसीव्हर ते चालवू शकतो असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर मोठ्या आवाजात तो स्वतःला बंद करून घेतो. परदेशातून कुणी आणलेला ११० व्होल्टचा रिसीव्हर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण ट्रान्सफॉर्मरची क्षमता लेबलवरच्या वॉटच्या दुप्पट तरी ठेवावी, आणि इथे वॉरंटी मिळेल असं धरू नये.

आता आमचं बजेट असं वाटलं जातं : निम्म्याच्या आसपास पुढचे तीन आणि बाजूचे दोन स्पीकर, पाव हिस्सा सबवूफर, उरलेल्यात रिसीव्हर, वायर, स्टँड. सबवूफरला पाव हिस्सा म्हटलं की लोक दचकतात. पण खोलीतला सगळ्यात मोठा दोष तिथेच असतो.

पुण्यातल्या फ्लॅटचा १६ बाय १० फुटांचा हॉल घ्या, स्लॅब साडेनऊ फुटांवर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुरांच्या लाटा अडकतात त्यातला सर्वांत खालचा सूर काढायचं सूत्र सोपं आहे : ३४३ भागिले लांबीची दुप्पट, माप मीटरमध्ये. १६ फुटांना ३५ हर्ट्झ येतात, १० फुटांना ५६, साडेनऊला ५९. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांवर बसतात, म्हणून अशा हॉलमध्ये ५५ ते ६० हर्ट्झला आवाज घुमतो. प्रत्येक दणका एकाच सुरात ऐकू येतो आणि रेंगाळतो. त्याच वेळी हॉलच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलेल्या माणसाला ३५ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही. सोफा मागच्या भिंतीला चिकटवला तर उलट होतं, तिथे सगळा बास फुगतो. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढला तर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला खर्च शून्य.

सबवूफर कुठे ठेवायचा हे आम्ही अंदाजाने सांगत नाही. तो तात्पुरता सोफ्यावर, बसणाऱ्याच्या जागी ठेवायचा, बासचा हळूहळू चढणारा सूर लावायचा आणि जिथे जिथे तो ठेवता येईल त्या जागांवर कान जमिनीजवळ नेऊन ऐकत फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती त्याची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, सर्वांत चांगला नाही. सोफ्यावर चार माणसं बसणार असतील तर एका बारा इंचीपेक्षा दोन दहा इंची आम्ही सुचवतो, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. एकाने केलेला खड्डा, म्हणजे जिथे एखादा सूर ऐकूच येत नाही ती जागा, दुसरा भरतो, आणि चारही जणांना साधारण सारखा बास मिळतो. इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीने, फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. तिथे जितकी ताकद ओतावी तितकी लाटच ती रद्द करते.

खालच्या मजल्याचा प्रश्न प्रामाणिकपणे सांगायला हवा. सबवूफरखाली जाड रबरी पॅड ठेवला की फरशीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही. रात्री रिसीव्हरमधला नाइट मोड लावणं, म्हणजे मोठे आवाज दाबून संवाद वर आणणं, हाच व्यवहार्य उपाय.

सेंटर, म्हणजे पडद्याजवळच्या मधल्या, स्पीकरच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे. दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असा आडवा सेंटर दिसायला छान, पण बाजूला बसलेल्याला दोन वूफरचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि मधल्या पट्टीतले, म्हणजे नेमके संवादातले, काही सूर पडतात. मध्ये ट्वीटर आणि मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर) एकावर एक बसवलेला थ्री-वे सेंटर घ्यावा. तो परवडत नसेल तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ (कप्प्यात मावणारा छोटा) स्पीकर उभा ठेवावा. तिन्ही एकाच मालिकेतले हवेत, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज बदलतो. टीव्ही युनिटच्या कप्प्यात सेंटर आत ढकलू नका; कडेला आणा आणि कानाच्या दिशेने किंचित वर वळवा.

डावा-उजवा सोफ्यापासून मध्यरेषेच्या ३० अंशांवर, बाजूचे १०० ते १२० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. सोफा भिंतीला टेकलेलाच राहणार असेल तर ७.१ चा, म्हणजे भोवती सात स्पीकर आणि एक सबवूफरचा, विचार सोडा. मागच्या दोन स्पीकरना जागाच नसते. ते दोन चॅनल छताला द्या आणि ५.१.२ (भोवती पाच, एक सबवूफर, वर दोन) करा.

छताचं काम आमच्याकडे घरासाठीच्या डॉल्बी अॅटमॉसनंतर, म्हणजे वरूनही आवाज आणणाऱ्या तंत्रानंतर, वाढलं. सिनेमागृहात हे तंत्र २०१२ मध्ये आलं आणि घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये. सुरुवातीला छतावर आवाज आदळवणारे वर तोंड केलेले स्पीकर सगळ्यांना सोपे वाटले. त्यांना सपाट, कडक छत लागतं. आपल्याकडे हॉलच्या मधोमध पंखा असतो, भोवती पीओपीच्या पायऱ्या आणि खोबणीतले दिवे. परावर्तन विस्कटतं आणि वरून काही येतंय असं वाटतच नाही. म्हणून फॉल्स सीलिंग होणार असेल तर आम्ही छतातलेच स्पीकर देतो. दोनच असतील तर ऐकणाऱ्याच्या किंचित पुढे. जिप्सम बोर्डवर स्पीकरचे पंजे पकड घेतात, तरी प्रत्येकाला एक तार स्लॅबमधल्या हुकाला बांधावी. काम संपल्यावर २० ते १२० हर्ट्झचा चढता सूर मोठ्या आवाजात लावायचा. सीलिंगच्या पट्टीचा ढिला स्क्रू, एलईडी पॅनलची स्प्रिंग, खिडकीची सरकती काच, शोकेसमधली बशी, जे जे थरथरतं ते तेव्हाच सापडतं. बऱ्याचदा 'स्पीकर फाटलाय' ही तक्रार म्हणजे यातलंच काहीतरी असतं.

वायरचं काम गवंडी असेपर्यंत व्हायला हवं. स्पीकरला शुद्ध तांब्याची, १० मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर आणि त्यापुढे अडीच. १५ मीटर अंतरावर दीडच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओहम होतो; ८ ओहमला तो चालून जातो, ४ ओहमला दहा टक्के होतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी निघते. भिंतीत गाडण्याआधी ही परीक्षा करावी. एका स्पीकरचं प्लस-मायनस जोडताना उलटलं तर बास नाहीसा होतो आणि संवाद डोक्यात कुठेतरी तरंगतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून शंकू बाहेर येतो का ते पाहिलं की खात्री होते.

एचडीएमआयसाठी दीड इंची पाइप टाका, पाऊण इंची नको. केबल जाते, तिचं डोकं वळणात अडकतं. आत ओढायची दोरी ठेवून द्या. ४के चित्रासाठी साधी तांब्याची केबल पाच मीटरपर्यंत भरवशाची. प्रोजेक्टरला १०-१५ मीटर लागत असेल तर ऑप्टिकल केबल घ्यावी. तिला दिशा असते. स्रोताचं टोक प्रोजेक्टरकडे गेलं की पडदा काळा, आणि ते सीलिंग बंद झाल्यावर कळलं तर फोडाफोड. ओढण्याआधी जमिनीवर दोन्ही टोकं जोडून चित्र बघावं.

टीव्हीतल्या अॅपचा आवाज रिसीव्हरकडे आणायला एआरसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलट पाठवण्याची सोय, पुरतो. ओटीटीवरचा अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या आवाजातून येतो आणि तो एआरसीवरून जातो. ब्ल्यू-रे डिस्कमधला ट्रूएचडी, म्हणजे दर्जा न गमावता साठवलेला डॉल्बी आवाज, हवा असेल तर २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत आलेला ईएआरसी (एआरसीची पुढची आवृत्ती) लागतो, किंवा प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडावा. काही टीव्ही डीटीएस या डिस्कवरच्या दुसऱ्या पद्धतीचा आवाज पुढे पाठवतच नाहीत, म्हणून आम्ही प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडणंच पसंत करतो. जुना रिसीव्हर वाचवायचा असेल तर एक गोष्ट तपासा : त्याला एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं कुलूप येत नसेल तर त्याच्यातून संरक्षित ४के चित्र जाणार नाही.

विजेच्या बाजूला तीनच सूचना. रिसीव्हर चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर टाकू नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. स्पीकरमधून सतत 'हम्म' येत असेल तर आधी सेटटॉप बॉक्सची गोल केबल काढून पाहा. हम्म थांबला तर तो केबलच्या अर्थिंगमुळे आहे, तिथे आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.

मुंबई, कोकण, गोव्याच्या कामांत हवा निवड ठरवते. शंकूभोवतीची कडा फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांत ती भुगा होऊन गळते; रबरी कडाच घ्यावी. वायरची उघडी टोकं हिरवी पडतात, म्हणून बनाना प्लग (तारेच्या टोकावर बसवायची पिन). सबवूफरच्या भोकाला पातळ जाळी, रिसीव्हरच्या जाळीवर मात्र काही नाही. पाली दोन्हीकडे शिरतात, पण रिसीव्हरची हवा अडली तर तो तापून बंद पडतो. त्याच्या वर किमान चार-सहा इंच मोकळी जागा सुताराला लिहून द्यावी लागते, तोंडी सांगितलेलं पाठीमागच्या प्लायने बंद होतं.

शेवटी रिसीव्हरची खोलीशी जुळवणी. रिसीव्हरसोबत आलेला माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला, पंखा आणि एसी बंद, सहा ते आठ जागांवर मोजणी. मोजणीआधी सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं, म्हणजे त्याने किती हर्ट्झपर्यंत वाजायचं ते ठरवणारं, बटण शेवटपर्यंत उघडं ठेवायचं, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. मोजणीनंतर रिसीव्हर बऱ्याचदा मोठ्या स्पीकरना 'लार्ज' ठरवतो, म्हणजे बासही त्यांनाच देतो. ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झ लावावं. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर ते टेपने मोजून 'दुरुस्त' करू नका. त्यात सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर धरलेला असतो.

आता आम्ही कोटेशन देण्याआधी पाच गोष्टी मागतो : हॉलची लांबी-रुंदी-उंची, पडद्यापासून सोफ्याचं अंतर, सोफ्यामागे किती जागा, छतात काय आहे, आणि झिरी मारायला अजून भिंत उघडी आहे का. पाचव्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाजूचे स्पीकर स्कर्टिंगलगतच्या पट्टीतून न्यायचे की तीनच पुढचे आणि एक सबवूफर घेऊन थांबायचं, हे आधी ठरतं. अशा वेळी आम्ही बहुधा ३.१ च सुचवतो आणि रिसीव्हर पुढे वाढवता येईल असा देतो.