बिनबोटीचा नाखवा

पुण्याला समुद्र नाही, ही उणीव आहे असं कुठलाही पुणेकर मान्य करणार नाही. नदी आहे, सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा आहे, खडकवासल्याला एनडीएच्या शिडाच्या होड्या आहेत. आणखी काय हवं? मला मात्र जहाजाला वाट दाखवणारी यंत्रणा हवी होती, तीही स्वतः जुळवलेली. होडी नाही, पोहता जेमतेम येतं. पण बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे आणि या छंदाला तेवढं बंदर पुरतं.

सामान थोडंच. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, यूएसबीत खोचायचा जीपीएस, अडगळीतला मॉनिटर. नकाशे दाखवणारा ओपनसीपीएन हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. जीपीएसला निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. भर समुद्रात ते सोपं, पण सदाशिव पेठेतल्या गॅलरीला आभाळ येतं ते समोरच्या इमारतीच्या मर्जीनं.

मला सगळ्यात आवडते ती जहाजी यंत्रांची जुनी बोली, एनएमईए ०१८३. डॉलरच्या खुणेनं सुरू होणारी ओळ, मध्ये स्वल्पविराम टाकून आकडे, शेवटी चांदणी आणि ताळा. नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. १८ अंश ३० मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व: हे आमचं घर. वेळ ग्रिनिचची, म्हणजे साडेपाच तास मागे. माझा जुना पाय बंद केला की वेळच विसरतो, मग उपग्रहाकडून विचारून घेतो.

पडद्यावर माझी लाल होडी पिवळट जमिनीत रुतलेली दिसते. चिरंजीव हसले. त्यांना सांगितलं, भारताचे सागरी नकाशे बनवणारं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस डेहराडूनला आहे, हिमालयाच्या पायथ्याशी. पुण्यानंच का लाजावं?

जहाजं आपलं नाव, दिशा, वेग १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास सतत सांगत असतात, त्याला एआयएस म्हणतात. ते ऐकायला टीव्हीचा स्वस्त डोंगलही चालतो. मुंबई बंदर तसं लांब नाही, पण मध्ये सह्याद्री उभा, आणि या लहरी घाट चढत नाहीत. तेव्हा माझ्या समुद्रात एकटा मीच.

चाचणी रिक्षात घेतली. संध्याकाळी कुमठेकर रस्त्यावर वेग चार नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरही नाही. मांडीवरचा पडदा बघून रिक्षावाला म्हणाला, "काका, तुमचा पण मीटर का?" भाडं त्यानं स्वतःच्याच मीटरनं घेतलं.

आता खोली मोजायचा सेन्सर जोडायचाय. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली निघते. पाणी कुठलं, तर सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतलं. सेक्रेटरींनी लेखी अर्ज मागितला. प्रयोजनाच्या रकान्यात मी "नौकानयन" लिहिलं. त्यांनी ते खोडून "टँकर कधी मागवावा, हे कळण्यासाठी" असं केलं आणि सही ठोकली.