सरळ पट्टी आणि गोल घेर

"सरळ पट्टी लावली ना? मग तोंड वाकडं करणारच तो."

अशोक चौकातल्या टेलरकाकांनी, नाताळच्या झाडाखाली अंथरायला मी शिवलेला घेर उलटा करून न बघताच सांगितलं. काठावर चुण्याच चुण्या.

घेराचं कापड जुनी सोलापुरी चादर. दोन्ही बाजूंनी नक्षी, त्यामुळे अस्तराची गरज नाही. आधी मात्र धुऊन घ्यावी. सुती कापड आटतं. मध्यावर दोरा धरून 60 सेंमी त्रिज्येचं मोठं वर्तुळ, बुंध्यासाठी 8 सेंमी त्रिज्येचं छोटं, आणि काठापासून मध्यापर्यंत उभ्या धाग्यावर एक चीर. चार घड्या घालून कापू नये, जाड चादर कात्रीखाली सरकते.

विणलेली चादर कापली की धागे सुटतात. म्हणून खडूच्या रेघेच्या आत अर्धा सेंमीवर टीप, मगच कात्री. सुई 16 नंबरची, टाका मोठा.

काठाला लावायची पट्टी 45 अंशात तिरकी कापलेली, उरेबच हवी. तिरकं कापड ताणतं, गोलावर वळतं. सरळ पट्टीला वळणच नसतं. चिरेसकट साडेपाच मीटर लागते, एवढी सलग कुठून निघणार? जोड येतातच, तेही तिरके घ्यावेत.

आता ती सगळी टीप उसवायची. चिरेला बंद नाडीचे लावावेत की वेलक्रोचे?