राखीव गडी, शाळेचा मास्तर

"तुमच्या यशाबद्दल लिहा," असं संपादक मंडळाचं पत्र आलं. माझ्या यशात सांगण्यासारखं फारसं काही नाही. त्यापेक्षा मी राहतो त्या फिलाडेल्फियाशी जोडलेल्या, अमेरिकन फुटबॉलमधल्या डग पेडरसन नावाच्या माणसाबद्दल लिहितो. आपल्या शाळेतल्या खो-खोच्या सरांना तो नक्की आवडला असता.

सर तिघा राखीव गड्यांना नुसतं बसू देत नसत. मध्यंतरात आधी आम्हालाच विचारायचे, "समोरचा कोण खांबाशी अडखळतोय रे?" मी शाळा सुटेपर्यंत राखीवच होतो. त्यामुळे डग पेडरसन मला आमच्यातलाच वाटतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चाल सांगून चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. पेडरसन क्वार्टरबॅकच, पण बहुतेक काळ दुसऱ्याचा बदली. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात, त्या १९९१ च्या निवडीत त्याला कुणीच घेतलं नाही. पुढे मायामीच्या संघात मुख्य क्वार्टरबॅक डॅन मरिनो, ग्रीन बेच्या संघात ब्रेट फार्व्ह. असे दिग्गज असताना याचा नंबर लागणार कधी? नोव्हेंबर १९९३ मध्ये मरिनो आधीच जायबंदी होता, त्याचा बदलीही सामन्यात दुखावला, तेव्हा हा उतरला आणि प्रशिक्षक डॉन शूला यांचा विक्रमी ३२५ वा विजय पुरा करून आला. तोही फिलाडेल्फियातच, इथल्या ईगल्स संघाविरुद्ध!

१९९९ मध्ये त्याच ईगल्सनं त्याला मुख्य क्वार्टरबॅक केलं. नऊ सामन्यांत दोन विजय. इथले प्रेक्षक हुर्यो उडवण्यात जत्रेतल्या फडालाही ऐकायचे नाहीत. जागा नवख्या डोनोव्हन मॅकनॅबला गेली.

खेळणं थांबल्यावर, २००५ साली, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाची अंगठी मिळवलेला हा माणूस लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टला कॅल्व्हरी बॅप्टिस्ट या शाळेत पोरांना शिकवायला गेला. चार हंगाम राहिला. मला त्याच्या कारकिर्दीतला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. व्यावसायिक संघ नको तो खेळाडू काढून दुसरा आणतो. शाळेत आहेत त्याच पोरांना घेऊन उभं राहावं लागतं. आपल्या सरांना हे वेगळं सांगायला नको.

२००९ मध्ये तो ईगल्सकडे साध्या मदतनीसाच्या कामावर परतला आणि २०१६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला. पुढच्या हंगामात पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जायबंदी. सुपर बोलमध्ये खेळला बदली निक फोल्स. मध्यंतराला काही सेकंद उरलेले, चेंडू रेषेपार न्यायची चौथी आणि शेवटची संधी. लाथ मारून तीन गुण घेणं सोपं होतं. फोल्सनंच जवळ येऊन वेगळी चाल सुचवली. क्षणभर विचार करून पेडरसन हो म्हणाला. चेंडू फेकला दुसऱ्यानंच, आणि झेलला फोल्सनं! ४ फेब्रुवारी २०१८ ला ईगल्सनं न्यू इंग्लंडच्या संघाला ४१-३३ असं हरवून पहिला सुपर बोल जिंकला. बदली गड्याचं ऐकणारा प्रशिक्षक स्वतः बदली म्हणून झिजलेला नसता, तर? मला नाही वाटत त्यानं ऐकलं असतं.

तीन वर्षांत ईगल्सनं त्याला काढलं. मग जॅक्सनव्हिलच्या संघानं मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. पहिल्याच हंगामात तिथे चार्जर्स संघाविरुद्ध २७-० असं मागे पडून संघ ३१-३० नं जिंकला. २०२४ च्या हंगामानंतर तिथूनही नारळ मिळाला.