धातू की अधातू? चकाकी नको, राख तपासा

चकाकी, वर्धनीयता (ठोकून पत्रा होणं), तन्यता (ओढून तार होणं), नादमयता, सुवाहकता ही धातूंच्या गुणधर्मांची यादी पाठ असली तरी नमुना हातात आला की गोंधळ होतो. आयोडीनचे स्फटिक चकाकतात, तरी तो अधातू. सोडिअम सुरीने कापता येतो, पारा खोलीच्या तापमानाला द्रव असतो, दोन्ही धातूच. ग्राफाइट अधातू असून वीज वाहतं. पेन्सिलीवर हे पाहायचं तर 1.5 व्होल्टचे दोन सेल आणि लाल एलईडी घ्या. पेन्सिल 4बी किंवा 6बी असावी, कारण एच प्रकारच्या शिशात चिकणमाती जास्त असते आणि रोध वाढतो.

हातोडीची चाचणी बऱ्यापैकी खरी ठरते. तांब्यातले अणू एकमेकांवरून सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात, म्हणून तार चपटी होते. गंधकात आठ-आठ अणूंची वलयं असतात आणि त्यांच्यातलं आकर्षण क्षीण, म्हणून त्याचा भुगा होतो.

तरीही माझा भर ऑक्साइडच्या, म्हणजे पदार्थ जळून ऑक्सिजनशी जोडला की जे बनतं त्याच्या चाचणीवर आहे. धातूंची ऑक्साइडं बहुतेक आम्लारिधर्मी असतात आणि लाल लिटमस कागद निळा करतात; अधातूंची बहुतेक आम्लधर्मी असतात आणि निळा लिटमस लाल करतात. मॅग्नेशिअमची 5 सेंमी फीत पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. वरचा करडा थर राहिला तर ती लवकर पेटत नाही. चिमट्यात धरून पेटवा, ज्योतीकडे थेट पाहू नका. विझवायची वेळ आली तर कोरडी वाळू टाका, पाणी अजिबात नाही. पांढरी राख बशीत घेऊन 2-3 मिली कोमट पाणी घाला.

बहुतेक वेळा प्रयोग फसतो तो इथेच. राख आणि पाण्यातून बनणारं मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड पाण्यात अगदी थोडं विरघळतं, त्यामुळे लाल लिटमस बुडवून लगेच काढला तर तो लालच दिसतो. कागद ओल्या राखेवर एक-दोन मिनिटं टेकवून ठेवा, निळा होईल.

गंधक चिमूटभरच घ्या. ज्वलन-चमच्यात पेटवून, तळाशी थोडं पाणी असलेल्या वायुपात्रात धरा, झाकण लावा, ज्योत विझल्यावर चमचा काढून पात्र हलवा. निळा लिटमस लाल होतो. सल्फर डायऑक्साइड घशाला झोंबतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना लांब बसवा.

तांब्याच्या तारेवर तापवल्यावर येणारा काळा थर पाण्यात विरघळत नाही, म्हणून लिटमस काहीच सांगत नाही. तार कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात ठेवा: काळेपणा जातो, द्रावण निळसर होतं. ऑक्साइड आम्लारिधर्मी असल्याचा हा पुरावा. जस्त आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं मात्र आम्लातही विरघळतात आणि सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातही; ती उभयधर्मी. अधातूंच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइड उदासीन आहे, म्हणजे आम्लधर्मी नाही आणि आम्लारिधर्मीही नाही.

विरल आम्लात हायड्रोजनचे बुडबुडे आले नाहीत म्हणून नमुना अधातू ठरवू नका. तांबं बुडबुडे देतच नाही, आणि ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा थर विरघळेपर्यंत काही मिनिटं गप्प राहतं.