शेवंडींच्या साडेपाच हजार खेपा

2006 च्या पावसाळ्यात नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सायबर कॅफेत मी ‘रूनस्केप’ हा खेळ पहिल्यांदा उघडला. कॅफेतल्या संगणकांवर काहीही नवीन बसवण्यास मनाई होती, ग्राफिक्स कार्ड हा शब्द तिथे कोणी ऐकलाही नसावा, आणि जे मोठे ऑनलाइन खेळ तेव्हा गाजत होते ते खेळायचे तर चार-पाच सीडी आणि दरमहा डॉलरमध्ये भरायचे पैसे या दोन्ही गोष्टी हाताशी असाव्या लागत. रूनस्केपला त्यांतले काहीच लागत नसे. जावा चालणारा ब्राउझर मिळाला की पुरे. नाव आणि पासवर्ड टाकला की तुम्ही गिलिनॉर नावाच्या जगात उभे राहत होतात. पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी नकाशाचा बराच मोठा भाग राखून ठेवलेला असला, तरी उरलेला भागही एका विद्यार्थिनीची दोन वर्षे खुशाल व्यापून टाकेल एवढा होता. या खेळाच्या लोकप्रियतेविषयी जे लिहिले जाते त्यात ही साधी गोष्ट पुष्कळदा मागे पडते, म्हणून ती आधी सांगितली. अँड्र्यू गोवर या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने आपला भाऊ पॉल याच्या साथीने हा खेळ 4 जानेवारी 2001 रोजी लोकांसाठी खुला केला, पुढे जॅजेक्स ही केंब्रिजची कंपनी तो चालवू लागली, आणि शाळेच्या, ग्रंथालयाच्या किंवा कॅफेच्या साध्या संगणकावरही तो चालत असल्यामुळे जगभरातल्या पोरांच्या हाती तो सहज पडला. 2008 मध्ये सर्वांत लोकप्रिय मोफत ऑनलाइन बहुखेळाडू खेळ म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली.

या खेळात नेमके करायचे काय, असे मला घरी अनेकदा विचारले गेले, आणि खरे उत्तर ‘कष्ट’ असेच होते. लंब्रिज नावाच्या गावातल्या किल्ल्यात एक आचारी असतो. त्याला केक करायचा असतो आणि तुमच्याकडून त्याला एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ हवे असते. पीठ गावातल्या दुकानात आयते मिळेल ही समजूत पहिल्याच दिवशी मोडते. गव्हाच्या शेतात जाऊन गहू काढायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर चढून तो जात्याच्या तोंडात टाकायचा, दांडा ओढायचा आणि मग तळमजल्यावर येऊन रिकाम्या भांड्यात पीठ भरून घ्यायचे. सारा खेळ याच रीतीने रचलेला आहे. तलवार हवी तर आधी खाणीतून खनिज काढावे लागते, भट्टीत त्याच्या विटा पाडाव्या लागतात आणि ऐरणीवर त्या ठोकाव्या लागतात. लढाईत जखम भरून काढायला अन्न हवे, तर मासे धरून, लाकूड तोडून, आग पेटवून ते शिजवावे लागतात. प्रत्येक कामाचे स्वतंत्र कौशल्य असते आणि ते पहिल्या लेव्हलपासून 99 व्या लेव्हलपर्यंत वाढत जाते. खेळाचा ठोकाही संथ आहे: सगळे जग 0.6 सेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकते, त्यामुळे बोटांच्या चपळाईपेक्षा चिकाटीला जास्त मोल येते. कॅफेतल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही मी मागे पडले नाही, त्याला हेच कारण होते.

लेव्हल वाढण्याचे गणित मात्र निर्दय आहे. साधारण दर सात लेव्हलींना लागणारे अनुभवाचे गुण दुप्पट होत जातात. 99 व्या लेव्हलसाठी एकूण 1,30,34,431 गुण लागतात, आणि 92 वी लेव्हल गाठली तेव्हा तुमच्या खात्यात असतात 65,17,253. म्हणजे 92 हा आकडा दिसतो तेव्हा वाट जेमतेम अर्धी सरलेली असते. खेळणाऱ्यांमध्ये ‘92 म्हणजे 99 चे अर्धे’ हे वाक्य म्हणीसारखे चालते, आणि ते म्हणणाऱ्याच्या स्वरात तक्रार नसते, अभिमानच असतो.

माझे काम शेवंडी धरण्याचे. मोफत खेळणाऱ्यांना मिळणाऱ्या चांगल्या अन्नात शेवंडीचा मान मोठा होता. मासेमारीची 40 वी लेव्हल झाली की पिंजरा घेऊन करामजा बेटावर जायचे. पोर्ट सॅरिम या बंदराच्या धक्क्यावर बोटीचे भाडे 30 नाणी, परतीचे पुन्हा 30. झोळीत जागा 28. त्यांतली एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, म्हणून एका खेपेला 26 शेवंडी. बेटाच्या मोफत भागात बँक नसल्यामुळे परत येऊन ड्रेनॉर गावापर्यंत चालत जायचे, माल ठेवायचा आणि पुन्हा धक्का गाठायचा. एका शेवंडीचे 90 गुण मिळतात, तेव्हा चाळिसाव्या लेव्हलपासून निव्वळ शेवंडी धरून 99 व्या लेव्हलला पोहोचायचे तर 1,44,000 हून अधिक शेवंडी लागतात, आणि 26 च्या हिशेबाने त्या साडेपाच हजारांवर खेपा होतात. मी त्यांचा लहानसा हिस्साच पुरा केला. पण करामजाच्या धक्क्यावर तासन्‌तास शेजारी उभे राहिलेले फिनलंडचे, कॅनडाचे, ब्राझीलचे खेळाडू पिंजरे पाण्यात असताना बोलत असत. त्या मोडक्यातोडक्या इंग्रजी गप्पांत मी जेवढे जग पाहिले, तेवढे त्या वयात दुसरीकडे कुठे पाहायला मिळाले नसते.

या कष्टांना अर्थ येत होता तो देवघेवीमुळे. व्हॅरॉक शहरातल्या पश्चिमेकडच्या बँकेसमोर, विशेषतः पहिल्या क्रमांकाच्या वर्ल्डमध्ये (खेळाच्या प्रत्येक स्वतंत्र सर्व्हरला वर्ल्ड म्हणत), अक्षरशः बाजार भरत असे. लोक रंग बदलणाऱ्या अक्षरांत आपला माल ओरडून विकत, घासाघीस करत, शेजाऱ्याचा भाव ऐकून आपला उतरवत. मी शेवंडी विकत असे. कोणी कोळसा विकी, कोणी ठोकून तयार केलेली चिलखते. ज्याला जादूचे दगड बनवायचे असत तो देवळातच थांबून राही आणि दुसरे खेळाडू त्याला कच्चा माल धावत आणून देत; या धावणाऱ्यांना त्यांची मजुरी मिळे. कंपनीने नेमून दिलेले नसताना उद्योग उभे राहत होते. फसवणूकही होती. ‘चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो’ असे सांगून ते घेऊन पळणारे पुष्कळ होते, आणि एकूण फसवणुकीला आळा घालण्यासाठी सौदा पक्का करण्यापूर्वी दुसऱ्यांदा सगळे नीट दाखवून संमती विचारणारी खिडकी खेळात आली होती. अनोळखी माणसावर किती विश्वास टाकावा, हे ज्याचे त्याने शिकायचे.

10 डिसेंबर 2007 आणि 2 जानेवारी 2008 अशा दोन टप्प्यांत हे सगळे थांबले. खेळातले सोने खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सदस्यत्व घेत होत्या, आणि ते पैसे परत करण्याचा बोजा कंपनीवर पडत होता. त्यावर कंपनीने उपाय केला तो असा, की दोन्ही बाजूंच्या मालाच्या किमतीत थोड्याफार फरकापलीकडे तफावत असेल तर सौदाच होऊ नये, आणि वाइल्डरनेस या रानात खेळाडूने खेळाडूला मारून त्याचा माल मिळवण्याची जुनी रीतही बंद व्हावी. नोव्हेंबरमध्येच सरकारी बाजारपेठेसारखे ग्रँड एक्स्चेंज सुरू झाले होते; तिथे न बोलता खरेदी-विक्री होई.

जळगावचा माझा मावसभाऊ तेव्हा आठवीत होता आणि त्याने नुकतीच सुरुवात केली होती. त्याच्यासाठी मी 500 शिजवलेल्या शेवंडी बँकेत बाजूला ठेवल्या होत्या. ठरल्या दिवशी आम्ही व्हॅरॉकला भेटलो आणि त्याने फोन केला, “ताई, अगं सौदा होतच नाहीये, तू खूप जास्त देतेयस म्हणतंय.” बदल्यात तेवढ्याच किमतीचे काही दे, असे खेळ त्या मुलाला सांगत होता, त्याच्याकडे ब्राँझच्या तलवारीपलीकडे काही नव्हते. कंपनीची अडचण खरी होती, हे मला आज कळते. पण ज्या नियमाने दान आणि चोरी एकाच मापाने मोजली, तो नियम या खेळाच्या मुळावर आला, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. खेळातल्या फॅलाडोर शहरात खेळाडूंनी गर्दी करून निषेध केला, कित्येक जण खेळ सोडून गेले. मीही 2008 मध्ये सोडला.

त्यानंतरचा इतिहास मी बाहेरून पाहिला. तीन वर्षांनी कंपनीने खेळाडूंचा कौल घेतला, 12 लाखांहून अधिक मते पडली, त्यांतली 91 टक्के जुन्या रीतीच्या बाजूने होती, आणि 1 फेब्रुवारी 2011 रोजी मुक्त देवघेव व वाइल्डरनेस दोन्ही परत आले. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये लढाईची पद्धत मुळापासून बदलली तेव्हा पुन्हा मोठी नाराजी पसरली. मग 2013 च्या फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केले की ऑगस्ट 2007 मधल्या खेळाची एक जतन केलेली प्रत सापडली आहे, ती सुरू करावी का? साडेचार लाखांच्या आसपास मते पडली आणि 22 फेब्रुवारीला ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. नकाशा जुना, पण प्रत्येकाचा खेळाडू नवा. सर्वांनी पुन्हा पहिल्या लेव्हलपासून कष्ट करायचे. लाखो लोकांनी ते आनंदाने केले.

या नव्या-जुन्या खेळात मोठा बदल करायचा तर खेळाडूंचे मत घ्यायचे, असा नेम पडला. सुरुवातीला 75 टक्के संमती लागत असे, पुढे ती 70 टक्क्यांवर आणली गेली. नौकानयनाचे कौशल्य 2015 मध्ये या कसोटीवर उतरले नाही, 2023 मध्ये नव्या रूपात निवडले गेले आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये चोविसावे कौशल्य म्हणून खेळात आले. एखादी कल्पना दहा वर्षे लोकांच्या होकारासाठी थांबते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मुक्त देवघेवीची दुसरी बाजूही सांगायला हवी. व्हेनेझुएलाचे चलन कोसळले, तेव्हा तिथले अनेक जण वाइल्डरनेसमध्ये हिरवे ड्रॅगन मारून त्यांची हाडे आणि कातडी विकू लागले, आणि मिळालेले सोने खऱ्या पैशात बदलून घरचे अन्न विकत घेऊ लागले. हे नियमाविरुद्ध आहे आणि 2007 मध्ये कंपनीला ज्याची धास्ती होती त्याच धंद्याचे हे रूप आहे. तरीही 2017 मध्ये काही खेळाडूंनी अशा लोकांना हुडकून मारण्याच्या युक्त्या लिहून पसरवल्या तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. आमच्यासाठी जो विरंगुळा होता, तो त्यांच्यासाठी रोजगार हमीचे काम झाला होता.

30 ऑक्टोबर 2018 ला हा खेळ मोबाइलवर आला आणि मी दहा वर्षांनी परतले. या वेळी स्वतःच्या कमाईतून सदस्यत्व घेतले. करामजाच्या बोटीचे भाडे अजून 30 नाणीच होते. मावसभाऊ आता पुण्याला नोकरी करतो. त्याच्या लेव्हली माझ्यापेक्षा कितीतरी वर आहेत आणि त्याला शेवंडींची गरज उरलेली नाही. तरीही दीड महिना रोज रात्री थोड्या थोड्या धरून मी 500 पुऱ्या केल्या, शिजवल्या, आणि एका रविवारी आम्ही व्हॅरॉकच्या पश्चिमेच्या बँकेसमोर उभे राहिलो. माझ्या बाजूला 500 शेवंडी, त्याच्या बाजूला काही नाही. दुसरी खिडकी उघडली, तिने एवढेच विचारले की हे नक्की ना, आणि आम्ही दोघांनी होकार दिला.